साठ टक्के म्हणजे फर्स्ट क्लास ना, काकू?

जेवण झकास, त्यावर लिहिलंही अगदी मनापासून. स्टार मात्र दिले तीन. तेवढ्यावरून एका छोट्या खानावळीचं गणित कसं बिघडलं, त्याची ही गोष्ट...

शुक्रवारची संध्याकाळ, डोक्यावर डेडलाईन, आणि सात वाजून गेले तरी कुणी जागचं हललेलं नाही. अशा वेळी आमच्या टीमचा प्रोग्रॅम ठरलेला असतो. आधी बॉसच्या नावाने थोडी बोंब मारायची, मग मोबाईल काढून जेवण मागवायचं. निवडायची पद्धतही ठरलेली. अॅप उघडलं की पहिल्यांदा 'चारच्या वर' हा फिल्टर दाबायचा. ४.० च्या खालची सगळी हॉटेलं एका बोटासरशी गायब! त्यांच्याबद्दल कुणी काय लिहिलंय हे बघायला वेळ कुणाला आहे? भूक लागलेली असते यार.

आता कबुली देते. अशाच एका गायब झालेल्या खानावळीच्या पापात माझाही वाटा आहे.

बाणेरला आमच्या ऑफिसमागच्या गल्लीत एका काकूंची खानावळ आहे. काकू मूळच्या कोल्हापूरकडच्या. आत चार बाकडी, भिंतीवर गणपतीचं कॅलेंडर आणि गल्ल्यावर त्यांचा मुलगा. ज्वारीची भाकरी हातावर थापलेली, पिठलं घरच्यासारखं, आणि तांबडा रस्सा असा की दुपारच्या मीटिंगमध्ये नाक पुसत बसावं लागतं. आठवड्यातून दोनदा तरी मी तिथे असतेच. एकदा उत्साहाच्या भरात मी अॅपवर चांगला लांबलचक रिव्ह्यू टाकला. भाकरीचं कौतुक केलं, पिठल्याचं केलं. बसायला जागा कमी आहे, रविवारी पाऊण तास ताटकळावं लागतं, आणि रस्सा बहुतेक वेळा सॉलिड असला तरी कधीकधी एकदम पातळ निघतो, हेही लिहिलं. आणि स्टार दिले तीन.

तीन का? कारण पाचापैकी तीन म्हणजे साठ टक्के, आणि दहावीला साठ टक्के म्हणजे फर्स्ट क्लास! पस्तीसला पास, साठला फर्स्ट क्लास, पंचाहत्तरला डिस्टिंक्शन. एवढं तर आपल्या हाडीमाशी भिनलेलं आहे. चार बाकड्यांच्या खानावळीला फर्स्ट क्लास दिला म्हणजे मी उदारच नाही का झाले? माझ्या शेजारच्या क्यूबिकलमधल्या मित्राने माझं बघून रिव्ह्यू लिहिला. त्यानेही तीनच दिले. तो इंजिनीअर, आणि इंजिनीअरिंगला साठ टक्के मिळवताना काय हाल होतात ते त्याला चांगलं ठाऊक.

पंधरा दिवसांनी गेले तर काकूंच्या मुलाचा चेहरा पडलेला. "ताई, ऑर्डर एकदम कमी झाल्यात ओ. फिल्टरमध्ये आता आम्ही दिसतच नाही." आधी मला काही उमगेना. मग मोबाईलवर हिशोब मांडला आणि पोटात गोळाच आला. आम्ही दोघांनी बोट लावायच्या आधी त्यांना फक्त दहा लोकांनी रेटिंग दिलं होतं, सरासरी ४.१, म्हणजे एकूण ४१. माझे तीन पडले आणि ११ जणांचे ४४ झाले, सरासरी ४.०. मित्राचे तीन पडले आणि १२ जणांचे ४७, म्हणजे ३.९. संपलं! कुठल्याही मोठ्या चेनला दोन-तीन हजार लोकांनी रेटिंग दिलेलं असतं. तिथे आमच्या तीन-तीन स्टारनी दुसरा दशांशसुद्धा हलला नसता.

गंमत बघा. माझा मजकूर वाचला तर कुणालाही वाटेल की या बाईला ही खानावळ जाम आवडलेली दिसते. पण तो मजकूर दिसणार कधी? यादीत हॉटेल दिसलं, त्यावर क्लिक केलं, तर. आणि यादीत ठेवायचं की नाही ते आकडा ठरवतो. शब्द बिचारे आत दाराशी उभे.

स्टारची भाषा

त्या दिवसापासून मला या स्टारचं वेडच लागलं. हे आले कुठून? तर चक्क टायरच्या कंपनीतून. मिशेलिन या फ्रेंच टायर कंपनीने १९०० साली मोटारवाल्यांसाठी गाईड काढलं. लोक गाडी घेऊन लांब जेवायला गेले तर टायर झिजणार, असा साधा सरळ धंदा! १९२६ मध्ये त्यात चांगल्या जेवणासाठी स्टार आले आणि १९३१ मध्ये एक, दोन, तीन अशी उतरंड लागली. एक म्हणजे आपल्या प्रकारात फार चांगलं, दोन म्हणजे वाट वाकडी करून जावं असं, आणि तीन म्हणजे खास तेवढ्यासाठी प्रवास करावा असं. म्हणजे तिथे तीन स्टार मिळाले की शेफला आकाश ठेंगणं होतं. आमच्या अॅपवर तीन स्टार मिळाले की खानावळवाल्याला घाम फुटतो.

न्यूयॉर्क टाइम्सची तऱ्हा आणखी निराळी. तिथे चारपैकी स्टार देतात. एक म्हणजे चांगलं, दोन म्हणजे खूप चांगलं, तीन म्हणजे उत्कृष्ट, चार म्हणजे असामान्य. एक स्टार म्हणजे 'चांगलं', ऐकताय ना? आणि आपल्याकडे 'फाईव्ह स्टार' म्हटलं की डोळ्यांसमोर येतं ते लॉबीतलं झुंबर. भारतात हॉटेलांचे ते स्टार पर्यटन मंत्रालयाच्या समितीकडून मिळतात, खोल्या आणि सोयीसुविधा बघून. तिथल्या आमटीशी त्यांचा फारसा संबंध नाही. चिन्ह एकच, पण प्रत्येक दुकानात त्याचा भाव वेगळा.

शब्दांशिवाय नुसता स्टार काय करतो ते बघायचं असेल तर मार्क वेरा या फ्रेंच शेफचं प्रकरण बघा. जानेवारी २०१९ मध्ये त्यांच्या रेस्तराँचा तिसरा स्टार गेला. त्यांचं म्हणणं, इन्स्पेक्टरला माझ्या सुफ्लेमध्ये चेडर चीज आहे असं वाटलं, मी तर आमच्या भागातलं चीज वापरतो! स्टार नेमका का गेला, याची कारणं द्या म्हणून त्यांनी मिशेलिनला कोर्टात खेचलं. ३१ डिसेंबर २०१९ ला ते केस हरले. चेडरवरून कोर्टकचेरी, असं म्हणून तेव्हा मी हसले असते. आता हसू येत नाही. मार्क कापलेत पण कुठे ते सांगणार नाही, असा पेपर हातात आला तर आपणही रीचेकिंगला टाकतोच की.

याच्या अगदी उलट टोकाला रूथ रायकल. १९९३ मध्ये त्या न्यूयॉर्क टाइम्सच्या समीक्षक झाल्या आणि 'ल सर्क' या बड्या रेस्तराँमध्ये वेश बदलून जेवायला गेल्या. साध्यासुध्या बाई म्हणून गेल्या तेव्हा टेबल राखून ठेवलेलं असूनही त्यांना ताटकळत ठेवलं, आणि हातातली वाईनची यादीसुद्धा काढून घेतली. पुढे समीक्षक म्हणून ओळखल्या गेल्या तेव्हा नूरच पालटला. स्पेनचा राजा बारमध्ये थांबलाय, पण तुमचं टेबल तयार आहे, असं मालकाने त्यांना सांगितलं! मग रायकलबाईंनी हे दोन्ही अनुभव एकाच रिव्ह्यूमध्ये शेजारीशेजारी मांडले आणि चारवरून एक स्टार उतरवून तीन दिले. म्हणजे त्यांच्या भाषेत अजूनही 'उत्कृष्ट'च. पण लोकांच्या लक्षात राहिल्या त्या दोन बायका, एक ओळखीची आणि एक बिनओळखीची. त्या दोघींचा मिळून एकच आकडा काढायचा तर कुठला काढणार?

लॉस एंजेलिस टाइम्सने तर २०१२ मध्ये रेस्तराँच्या रिव्ह्यूमधून स्टार काढूनच टाकले. तेव्हा तिथे जोनाथन गोल्ड लिहायला आले होते. २००७ मध्ये पुलित्झर मिळवणारे ते पहिलेच खाद्यसमीक्षक. हा माणूस टॅकोच्या गाडीवर जितक्या प्रेमाने लिहायचा तितक्याच प्रेमाने पांढऱ्या टेबलक्लॉथवाल्या हॉटेलवर. गाडी आणि पंचतारांकित डायनिंग रूम यांना एकाच फूटपट्टीने मोजायचं कसं? उत्तर सापडलं नाही, तेव्हा फूटपट्टीच मोडली.

पैशांचा मामला

पण काकूंनी काय मोडायचं? हार्वर्डच्या मायकल लुका यांनी २०११ मध्ये सिअॅटलच्या रेस्तराँचा अभ्यास केला. येल्पवर एक स्टार वाढला की उत्पन्न ५ ते ९ टक्क्यांनी वाढतं, असं त्यात दिसलं. हा परिणाम फक्त स्वतंत्र, छोट्या रेस्तराँवर होता, चेनवर जवळपास नाहीच. साहजिक आहे. चेनचा बर्गर कसा लागतो ते आपल्याला आधीच माहीत असतं. काकूंचा रस्सा नवख्या माणसाला माहीत नसतो, म्हणून तो आकड्यावर विसंबतो.

अँडरसन आणि मॅग्रुडर या दोघांचा २०१२ चा अभ्यास तर अंगावर काटा आणणारा. येल्प सरासरी जवळच्या अर्ध्या स्टारवर नेऊन दाखवायचं. म्हणजे ३.२४ असेल तर तीन स्टार आणि ३.२५ असेल तर साडेतीन! स्वयंपाकघर तेच, आचारी तोच. पण त्या अर्ध्या स्टारमुळे सॅन फ्रान्सिस्कोतल्या रेस्तराँची गर्दीच्या वेळची टेबलं पूर्ण भरण्याचं प्रमाण १९ टक्के बिंदूंनी वाढलेलं त्यांना दिसलं.

त्यात आणखी एक गोची. जेवण ठीकठाक होतं म्हणून रेटिंग द्यायला कोण बसतं? एक तर खूश झालेला माणूस लिहितो, नाहीतर भडकलेला. मधले सगळे हात धुऊन घरी जातात. भडकलेल्यांचं लिखाण वाचून बघा एकदा. एक स्टार, कारण पाऊस होता आणि पार्सल उशिरा आलं. एक स्टार, कारण पार्किंग नाही. भाजीबद्दल अवाक्षर नाही! पाच स्टारवाले तर 'नाईस' एवढं लिहून मोकळे. त्यामुळे हल्ली मी थेट तीन-चार स्टारवाल्यांचं लिहिलेलं वाचते. तिथे 'पण' हा शब्द सापडतो आणि खरी माहिती त्या 'पण'च्या नंतर असते.

मग मी काय केलं? तीनचे चार केले. बेईमानी झाली का? दोन दिवस विचार केला. मला जे म्हणायचं होतं त्याला त्या अॅपच्या भाषेत चारच म्हणतात, अशी मनाची समजूत घातली. मजकुरातला एक शब्दही बदलला नाही. मित्राने मात्र ठाम नकार दिला. "तीन म्हणजे तीन. मेरिट म्हणजे मेरिट." आम्ही दोन दिवस बोलत नव्हतो. तरी १२ जणांचे ४८ झाले. बरोब्बर ४.०. खानावळ परत यादीत!

सांगायला गेले तेव्हा काकू भाकरी थापत होत्या. मुलाने त्यांना माझा रिव्ह्यू पहिल्यांदाच पूर्ण वाचून दाखवला. भाकरीच्या कौतुकावर त्यांनी मानही वर केली नाही. 'कधीकधी रस्सा पातळ' ऐकलं आणि हात थांबला.

"कुठल्या वारी गं पोरी?"

मी आठवून सांगितलं, "बुधवारी असतो बहुतेक."

"बुधवारी मी दवाखान्यात जाते. त्या दिवशी ह्यो करतो," त्यांनी गल्ल्याकडे बोट दाखवलं. "आन् मला सांगतो, सेम तुझ्यावानीच झालाय म्हणून."

मुलगा एकदम सुट्टे पैसे मोजायला लागला.