रक्ताचीही बचत हवी

यात्रांचे दिवस आले की गावोगावी कबड्डीचे सामने भरतात, कुस्त्यांचे फड रंगतात, शाळेच्या मैदानावर आपल्या लेकी खो-खो खेळतात. खेळ म्हटला की खरचटणं, मुरगळणं आलंच. पण कधीकधी मार मोठा बसतो. डोक्याला लागतं, हाड मोडतं, रक्त जातं. अशा वेळी गाव धावतंच. धावून गेल्यावर काय करायचं आणि ती वेळ येण्याआधी काय करून ठेवायचं, याबद्दल आज आम्ही बोलणार आहोत. त्यासाठी आधी एक जुनी, घडलेली गोष्ट सांगतो.

१९६२ साली भारताचा क्रिकेट संघ वेस्ट इंडीजच्या दौऱ्यावर गेला होता. कप्तान होते नरी कॉन्ट्रॅक्टर, वय २८. १७ मार्चला बार्बाडोस बेटावरच्या सामन्यात चार्ली ग्रिफिथ या वेगवान गोलंदाजाचा चेंडू त्यांच्या डोक्याला लागला. त्या काळी डोक्यावर हेल्मेट घालायची पद्धत नव्हती. कवटीला तडा गेला, आत रक्त साकळलं. तातडीनं ऑपरेशन करावं लागलं. परका मुलूख, घरचं कुणी जवळ नाही, आणि रक्ताची गरज.

रक्त द्यायला पुढे आले ते वेस्ट इंडीजचे कप्तान फ्रँक वॉरेल. म्हणजे समोरच्या संघाचा म्होरक्या! भारताच्या संघातूनही चंदू बोर्डे, बापू नाडकर्णी आणि पॉली उम्रीगर यांनी रक्त दिलं. बोर्डे पुण्याचे, नाडकर्णींचा जन्म नाशिकचा आणि उम्रीगरांचा सोलापूरचा. कॉन्ट्रॅक्टर काही दिवस बेशुद्ध होते, पण वाचले. त्यांच्या कवटीत बसवलेली धातूची पट्टी तब्बल ६० वर्षांनी, २०२२ मध्ये काढली.

आता एक गोष्ट ध्यानात घ्या. त्या दिवशी रक्त देणारे हाताशी होते. आज आपल्याकडे जखमी गड्याबरोबर दोन जीपगाड्या भरून माणसं दवाखान्यात जातात. सगळे म्हणतात, "माझं रक्त घ्या." माया खरी असते. पण घेतलेलं रक्त लगेच रोग्याला चढवत नाहीत. एचआयव्ही, कावीळ ब आणि क, गुप्तरोग, मलेरिया यांची तपासणी होते. रक्तगट पाहतात, रोग्याच्या रक्ताशी ते जुळवून पाहतात. याला वेळ लागतो. म्हणून निकडीच्या वेळी जीव वाचवते ती रक्तपेढीत आधीच तयार असलेली पिशवी. ती कुणीतरी अनोळखी माणसानं आठ-पंधरा दिवसांपूर्वी दिलेली असते.

आपल्या बचत गटाचंही असंच नाही का? घरात आजारपण आल्यावर त्याच दिवशी बचत सुरू करून भागत नाही. दर महिन्याला टाकलेला हप्ता त्या दिवशी कामी येतो. रक्तपेढीतही आधी भरणा हवा. आणि इथेही एकदम मोठी रक्कम टाकण्यापेक्षा नेमानं टाकलेला हप्ता बरा, कारण रक्तातल्या तांबड्या पेशी साधारण ३५ ते ४२ दिवसच टिकतात. एका दिवशी ५० जणांनी दिलं आणि पुढे सहा महिने कुणीच फिरकलं नाही, तर पेढी पुन्हा रिकामी होते.

हे कोलकात्याच्या क्रिकेटवाल्यांनी चांगलं ओळखलं. बंगालच्या क्रिकेट संघटनेनं १९८१ पासून ३ फेब्रुवारी हा फ्रँक वॉरेल दिवस ठरवला आणि त्या दिवशी रक्तदान शिबिर सुरू केलं. वॉरेल स्वतः १९६७ मध्ये वयाच्या अवघ्या ४२ व्या वर्षी रक्ताच्या कर्करोगानं गेले. पण त्यांनी एका खेळाडूसाठी केलेलं दान असं हजारोंच्या कामी आलं.

मग रक्त कुणाला देता येतं? वय १८ ते ६५, वजन किमान ४५ किलो आणि हिमोग्लोबिन किमान १२.५. एका वेळी ३५० मिलिलिटर घेतात, वजन ५५ किलोच्या वर असेल तर ४५० पर्यंतही घेतात. पुरुषांना दर तीन महिन्यांनी देता येतं, आपल्याला चार महिन्यांनी. गरोदरपणी, अंगावर पाजत असताना आणि पाळी चालू असताना द्यायचं नाही. रक्त दिल्यानं कायमचा अशक्तपणा येत नाही. रक्तातलं पाणी एक-दोन दिवसांत भरून येतं, पेशी भरायला काही आठवडे लागतात. आणि रक्त विकणं-विकत घेणं हा गुन्हा आहे, हेही लक्षात ठेवा.

शिबिरात बऱ्याच जणींना हिमोग्लोबिन कमी म्हणून परत पाठवतात. त्यात लाज कसली? २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या १०० पैकी ५७ बायांच्या अंगात रक्त कमी आढळलं. तपासणी फुकट झाली आणि दुखणं कळलं, असं समजा. आशाताईंना भेटा, लोहाच्या गोळ्या सांगितल्याप्रमाणे घ्या. बाजरी, पालेभाजी, कडधान्यं खा आणि वर लिंबू पिळा, म्हणजे लोह अंगी लागतं. जेवणावर लगेच चहा नको, तो लोह अंगी लागू देत नाही. सगळ्यांना वाढून उरलंसुरलं खायची आपली सवयही आता मोडूया. मैदानावर खेळणाऱ्या मुलीला तर हे आधी लागू आहे. दमून घेरी आली की तीही पडते.

रक्ताइतकीच मोलाची असतात मैदानावरची पहिली काही मिनिटं. डोक्याला किंवा मानेला मार लागलेल्या खेळाडूला उठवून बसवू नका, ओढू नका. डोकं आणि मान हातांनी स्थिर धरा आणि १०८ ला फोन लावा. पाणी पाजू नका, कांदा हुंगवू नका. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापड त्या जागी दाबून धरा. डोक्याचा मार फसवा असतो. मुलगी उठून बोलायला लागली तरी तिला त्या दिवशी पुन्हा खेळवू नका. काही तासांनी उलट्या झाल्या, गुंगी आली, झटका आला, बोलणं अडखळलं, नाका-कानातून रक्त किंवा पाणी आलं, तर रात्र असली तरी दवाखाना गाठा.

गर्दी पहिल्या आठवड्यात असते. खरी ओढाताण त्यानंतर होते. जखमी गड्याची आई दवाखान्यात, घरी गुरं, धाकटी लेकरं आणि उभं पीक. इथे गटाची ताकद दिसते. कुणी डबा द्यावा, कुणी धारा काढाव्यात, कुणी कागदपत्रं सांभाळावीत, असं आळीपाळीनं वाटून घ्या. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत काय बसतं, ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा. बँकेत खातं असलेल्या १८ ते ७० वयाच्या माणसाला वर्षाला २० रुपयांत प्रधानमंत्री सुरक्षा विमा काढता येतो. अपघातात मृत्यू आला किंवा पूर्ण अपंगत्व आलं तर त्यात २ लाख मिळतात, काही प्रमाणात अपंगत्व आलं तर १ लाख. खेळणाऱ्या प्रत्येक मोठ्या मुला-मुलीचा तो आधी काढलेला असावा.

आणि तिला खेळातून वगळू नका. कॉन्ट्रॅक्टर पुन्हा कसोटी सामना खेळले नाहीत, पण देशातल्या सामन्यांत परतले आणि पुढे मुंबईत मुलांना क्रिकेट शिकवू लागले. आपलीही मुलगी पळू शकली नाही तरी गुण लिहील, शिट्टी वाजवील, धाकट्यांना डाव शिकवील.

तर मैत्रिणींनो, येत्या बैठकीत वहीचं एक पान वेगळं ठेवा. नाव, वय, रक्तगट, फोन आणि शेवटचं रक्त दिल्याची तारीख ज्याच्या-त्याच्या संमतीनं लिहा. घरातल्या पुरुषांचीही नावं घ्या. कोणत्या महिन्यात कुणी द्यायचं ते ठरवा. यात्रेच्या आधी एक फेरी नक्की होऊ द्या. ज्यांना देता येत नाही त्यांनी पान सांभाळावं. पुढच्या भागात पुन्हा भेटू. तोवर काळजी घ्या.