गाटा लूप्सवरचे पाणी

सरचूच्या तंबूबाहेर पहाटे पाचलाच सगळे सायकली घेऊन सज्ज झाले होते. मी मात्र घड्याळाकडे पाहत बसलो होतो. जूनमध्ये तेथे सूर्य सव्वापाचच्या आगेमागे उगवतो आणि त्यानंतर ४८ मिनिटांनी नवकारसी. तोवर पाण्याचा थेंबही नाही. समोर होता मनाली–लेह मार्गावरील सर्वांत खडतर टप्पा : सरचू ते पांग, पाऊणशेहून अधिक किलोमीटर, वाटेत दोन खिंडी. तरुण मंडळी पुढे निघून गेली.

साठीनंतर हे खूळ कशाला, असे घरी विचारले गेलेच होते. मुकुटबन–वणी रस्त्यावर कोळशाच्या ट्रकांना वाट देत केलेला सराव मला पुरेसा वाटत होता. पण आपल्या रस्त्यावर हवा पुरते. सरचू सुमारे ४,३०० मीटरवर आहे. तेथे श्वास जलद चालतो, हवा कोरडी असते. घाम दिसत नाही, पण अंगातील पाणी उडून जाते. दिवसाकाठी तीन-चार लिटर पाणी प्यावे, असे डॉक्टरांनी बजावले होते. तीस वर्षे चौविहार पाळणाऱ्याने सूर्यास्तापासून नवकारसीपर्यंतचे साडेदहा तास काढावेत कसे? आधीच्या मुक्कामी, जिस्पाला, मी हट्टाने चौविहार केला आणि रात्रभर डोके ठणकत राहिले. सरचूला तिविहार घेतला : आहार बंद, उकाळलेले पाणी मोकळे. मन खट्टू झाले. पच्चक्खाणाच्या पाठात आगार असतात, हे लहानपणापासून म्हणत आलो होतो. ते कशासाठी, हे त्या रात्री कळले. (त्या उंचीवर पाणी ८६ अंशांच्या आसपासच उकळते. उघड्या पातेल्यात डाळ शिजता शिजत नाही.)

सकाळची वाट त्साराप नदीच्या काठाने जवळजवळ सपाट होती. मग गाटा लूप्स : एकामागून एक २१ वळणे. प्रत्येक वळणावर उतरून श्वास मोजायचा आणि पुन्हा पायडल मारायचे. तेथे एका वळणाजवळ लहानसे देवस्थान आहे, भोवती पाण्याच्या बाटल्यांचा ढीग. बर्फात अडकलेल्या ट्रकचा क्लीनर तेथे तहानेने गेला, अशी आख्यायिका आहे. म्हणून येणारा-जाणारा पाणी ठेवतो. आपली भुताखेतांवर श्रद्धा नाही. तरी मी तेथे बराच वेळ उभा राहिलो आणि माझ्या बाटलीतले पाणी सावकाश प्यायलो.

नकी ला गाठून उतरलो, पुन्हा चढलो. सुमारे ५,०६० मीटर उंचीच्या लाचुंग ला खिंडीत पोचेपर्यंत चार वाजले होते. तेथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळजवळ निम्माच असतो. सोबतची गाडी थांबली होती. चालक म्हणाला, “काकाजी, बसा आता.” मी नको म्हटले. उतारच तर आहे, असा हिशेब केला होता. आयुष्यभर इतरांच्या कर्जांचे हिशेब तपासले, हा स्वतःचा चुकला. दरीतील खडीच्या रस्त्यावर पंक्चर झाले, पंपाची नळी निसटत राहिली आणि त्यात पाऊण तास गेला.

सव्वासातला पांग तीन किलोमीटर उरले होते. सूर्यास्त साडेसातच्या सुमारास. सायकल दगडाला टेकवली, डबा उघडला. खाकरे चुरा झाले होते, गुळपापडी थंडीने दगडासारखी. भूक नव्हती, तेवढ्या उंचीवर ती मरतेच. तरी चावून चावून सगळे संपवले आणि पच्चक्खाण घेतले.

अंधारात तंबूत शिरलो, तेव्हा मंडळी वाफाळत्या भाताभोवती बसली होती. एकाने ताट पुढे केले. दुसऱ्याने त्याला थांबवून, न विचारताच, गरम पाण्याचा पेला माझ्या हातात दिला.