परदेशी गोगलगाय आणि यकृतकृमी: ऐकीव किती, खरे किती

मेंढीच्या जबड्याखाली पाणी उतरते, डोळे पांढरे पडतात, दुभती म्हैस आटते. कापलेल्या जनावराच्या पित्तनलिकांत पानासारखे चपटे किडे सापडतात. हा यकृतकृमी गोगलगायीमार्फत पसरतो, हे पशुपालकांना ठाऊक असते. गोंधळ आहे तो त्यापुढे.

गोगलगाय दिसली की रोग आला, हा पहिला गैरसमज. 2022 च्या पावसाळ्यात लातूर, बीड, धाराशिवकडे सोयाबीनची रोपे फस्त करणाऱ्या गोगलगायी जमिनीवरच्या होत्या. यकृतकृमीला त्यांचा काही उपयोग नाही. त्याला लागते लिम्निया कुळातली, पाणथळ चिखलात राहणारी लहानशी गोगलगाय. शेणातून पडलेली अंडी पाण्यात फुटतात. त्यातून निघालेल्या अळीला साधारण दिवसभरात अशी गोगलगाय गाठावीच लागते, नाहीतर ती मरते. आत शिरली, तर एका अळीच्या शेकडो होतात, बाहेर पडतात आणि पाण्याकाठच्या गवतावर कवच करून बसतात. जनावर ते गवत खाते. 1880 च्या दशकाच्या सुरुवातीला इंग्लंडमध्ये थॉमस आणि जर्मनीत ल्यूकार्ट यांनी हे चक्र स्वतंत्रपणे उलगडले.

म्हणजे गोगलगाय खाऊन किंवा शिजवलेली रोगट कलेजी खाऊन हा कृमी होत नाही. कलेजीतली अंडी पोटातून तशीच बाहेर पडतात. फार तर शौचतपासणीत ती दिसतात आणि नसलेल्या रोगाचे निदान होते. माणसाला खरा धोका आहे पाण्यातल्या कच्च्या पालेभाजीचा. ती नुसती धुऊन भागत नाही, शिजवावी लागते.

‘उंच, थंड मुलखात हा रोग कसला?’ याचे उत्तर बोलिव्हियात मिळते. टिटिकाका सरोवर आणि ला पाझ यांच्यामधले पठार समुद्रसपाटीपासून 3,800 मीटरहून उंच आहे. युरोपीय वसाहतवाल्यांच्या गुराढोरांबरोबर कृमी दक्षिण अमेरिकेत पोचला आणि त्याला वाहणारी गाल्बा ट्रंकाट्युला ही युरोपातली गोगलगायही या पठारावर येऊन वसली. आज माणसांमधला यकृतकृमी जगात सर्वाधिक आढळणाऱ्या प्रदेशांपैकी हा एक आहे. सर्वांत जास्त भोगतात ती मुले.

‘एखाददुसरी गोगलगाय आली तर काय बिघडते?’ मला हा गैरसमज सगळ्यांत घातक वाटतो. या गोगलगायी उभयलिंगी असतात आणि जोडीदार नसला तरी स्वतःच फलित अंडी घालतात. बोलिव्हियाच्या पठारावरून तपासलेल्या गाल्बा जनुकीयदृष्ट्या जवळजवळ एकाच साच्याच्या निघाल्या. अमेरिका खंडातली स्यूडोसक्सिनिया कोल्युमेला हीदेखील अशीच एकटीने वंश वाढवते. ती आता ऑस्ट्रेलिया, दक्षिण आफ्रिका, इजिप्त, युरोप अशी पसरली आहे आणि तिच्या प्रसारात पाणवनस्पतींच्या व्यापाराचा मोठा हात मानला जातो.

तरी गोगलगाय आली म्हणजे रोग ठरलेलाच, असेही नाही. कृमी आणणारे जनावर लागते, पाणी लागते, पुरेशी ऊब लागते. 10 अंश सेल्सिअसखाली अंड्यांची वाढ थांबते. आणि क्यूबात तर याच कोल्युमेलाचे काही समूह असे सापडले आहेत की, कृमीची अळी आत शिरताच त्यांच्या रक्तपेशी तिला घेरून मारतात. जात तीच, पण रोग पसरवायला निरुपयोगी!

औषधांबद्दलही गैरसमज आहे. ‘जंताचे औषध दिले, संपले’ असे होत नाही. चपट्या कृमींवर एरवी हमखास चालणारे प्राझिक्वांटेल या कृमीवर चालत नाही. ऑक्सिक्लोझानाइड प्रौढ कृमी मारते, यकृतात भटकणारी पिल्ले सुटतात. ट्रायक्लाबेंडाझोल दोन्हींवर चालते, पण ऑस्ट्रेलियात 1990 च्या दशकातच त्याला दाद न देणारे कृमी आढळले. शिवाय औषध घेतलेले जनावर त्याच डबक्याकाठी चरायला गेले की पुन्हा लागण होते. आपल्याकडच्या म्हशींत आढळणारा फॅसिओला जायगँटिका या बोलिव्हियातल्या कृमीचा सख्खा भाऊ, त्यामुळे हीच सावधगिरी इथेही हवी: औषध कोणते आणि कधी द्यायचे हे दुकानदाराला नव्हे, पशुवैद्यकाला विचारा. पाणी पाजायला हौद बांधा, डबक्याकाठचे गवत टाळा. आणि घरातल्या मत्स्यपेटीतल्या वनस्पती ओढ्याविहिरीत फेकू नका. त्यांच्या पानांना गोगलगायीच्या अंड्यांचे चिकट पुंजके लागलेले असू शकतात. त्या उन्हात कडक वाळवून मगच कचऱ्यात टाका.