कुंद्याचे दुकान आणि संगणकपंडितांचा वाद

विद्वानांच्या वादात सामान्य माणसाने पडू नये, असे म्हणतात. परंतु त्या वादाच्या निकालावर ज्याचे दुकान अवलंबून असेल, त्या सामान्य माणसाने काय करावे? गेल्या दिवाळीच्या सुटीत आमच्या शाळेत असाच एक प्रसंग घडला आणि त्यानेच आम्हांस हा लेख लिहावयास प्रवृत्त केले.

शाळेच्या माजी विद्यार्थ्यांचा मेळावा होता. त्यास पुण्याहून एक आणि हैदराबादेहून एक असे दोन प्रोग्रॅमर आले होते. दोघेही एकाच वर्गातले, एकाच बाकावर बसलेले. चहाच्या वेळी बेळगावातील एका मिठाईच्या दुकानाचे मालक, जे आमच्याच शाळेतील एका मुलीचे वडील आहेत, त्यांच्यापाशी आले आणि म्हणाले, "आमच्या कुंद्याला पुण्या-मुंबईहून मागणी असते. लोकांना घरबसल्या मागणी नोंदवता यावी आणि पैसे भरता यावेत, असे करायचे आहे. तुमच्या त्या प्लॅटफॉर्मांपैकी धंद्याला उत्तम कोणता, तेवढे सांगा."

"काका, डोळे मिटून जावा घ्या!" पुणेकर म्हणाला.

"छे! काका, पीएचपी घ्या. कमी खर्चात काम होईल," हैदराबादकर म्हणाला.

झाले! दोघांची जी जुंपली, ती अर्धा तास थांबेना. वेग, सुरक्षितता, खर्च, भविष्यकाळ अशी एकेक अस्त्रे बाहेर पडू लागली. काकांच्या हातातला चहा निवून गेला. त्यांचा प्रश्न मात्र कौतुकाचा नव्हता. दोन वर्षांपूर्वी त्यांनी एकाकडून असेच काम करून घेतले होते. करणारा पुढे परदेशी गेला. ऐन दिवाळीच्या आठवड्यात यंत्रणा बिघडली, तेव्हा तिचा पासवर्डही कोणापाशी नव्हता. गिऱ्हाइकांचे पैसे जमा होत होते, पण मागण्या दिसत नव्हत्या. शेवटी बँकेच्या कागदांवरून एकेकाचा शोध घेऊन त्यांनी सर्वांचे पैसे परत केले. "पैशाचे काही नाही, पण शब्द गेला," असे ते म्हणाले, तेव्हा त्यांचा आवाज जड झाला होता.

हा वाद नीट समजावयाचा, तर प्रथम वेब ॲप्लिकेशन म्हणजे काय, ते पाहिले पाहिजे. जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधनसंस्थेत काम करीत असता टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ साली वर्ल्ड वाइड वेबची कल्पना मांडली आणि १९९१ साली ती जगाला खुली झाली. आरंभीची पाने छापील पत्रकासारखी असत. जो उघडील त्याला तेच दिसे. दुकानाची पाटी वाचता येई, पण दुकानदाराशी बोलता येत नसे. पुढे, ज्याने जे विचारले त्याप्रमाणे उत्तराचे पान त्याच क्षणी तयार करून देणारे प्रोग्रॅम आले. अशा बोलत्या पानांची जी सारी यंत्रणा, तिला वेब ॲप्लिकेशन म्हणतात.

समजा, पुण्याच्या एका बाईंनी मोबाइलवरून एक किलो कुंदा मागवला. त्यांच्या मोबाइलवरचा ब्राउझर ती मागणी सर्व्हर नावाच्या दूरच्या संगणकाकडे धाडतो. सर्व्हरवरचा प्रोग्रॅम डेटाबेस उघडतो. डेटाबेस म्हणजे दुकानाची रोजकीर्द आणि खतावणीच होय. शिल्लक किती, भाव काय, पत्ता कोणता हे पाहून आणि पैसे बँकेच्या यंत्रणेमार्फत जमा झाल्याची खात्री करून तो प्रोग्रॅम मागणी नोंदवतो व पावतीचे पान परत पाठवतो. आता एक अडचण पाहा. दुकानात एकच किलो उरला आहे आणि पुण्याच्या बाई व मुंबईचे एक गृहस्थ यांनी एकाच क्षणी बटण दाबले, तर? चांगला डेटाबेस पहिली नोंद पुरी होईपर्यंत दुसरीला थोपवून धरतो आणि मग माल संपल्याचे सांगू देतो. शिल्लक कमी करणे आणि मागणी लिहिणे ही दोन्ही कामे एक तर एकत्र होतात, नाही तर एकही होत नाही. त्यामुळे एकच डबा दोघांना विकला जात नाही.

ही सारी कामे प्रत्येक दुकानासाठी मुळापासून लिहीत बसणे शक्य नसते. घर बांधणारा गवंडी विटा स्वतः भाजीत नाही. तयार विटा, तयार चौकटी आणतो. तद्वतच प्रोग्रॅमर एखादी संगणकभाषा, तिच्यातील फ्रेमवर्क नावाचा तयार सांगाडा, सर्व्हरवरची व्यवस्था आणि इतरांनी लिहून ठेवलेले उपयुक्त भाग यांचा संच वापरतो. या संचालाच प्लॅटफॉर्म म्हणतात. वाद होतो तो कोणता संच घ्यावा, याबद्दल.

या संचांचा इतिहास मोठा बोधप्रद आहे. पीएचपी ही रास्मुस लेरडॉर्फ यांनी १९९४ साली स्वतःच्या एका पानासाठी केलेली लहानशी सोय होती. १९९५ साली त्यांनी ती सर्वांना खुली केली आणि तिची पुढे जगभर वापरली जाणारी भाषा झाली. विकिपीडिया हा आपल्या परिचयाचा ज्ञानकोश याच भाषेवर चालतो. जावा ही भाषा सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीने १९९५ साली प्रसिद्ध केली. तिची शिस्त कडक. संख्येच्या जागी नाव लिहिले गेले, तर प्रोग्रॅम चालू होण्यापूर्वीच ती चूक दाखवते. म्हणून बँकांसारख्या मोठ्या कारभारांत तिला मान आहे. मायक्रोसॉफ्टचे डॉटनेट २००२ साली आले. ते प्रथम विंडोजपुरतेच होते. २०१६ साली त्याची लिनक्सवर चालणारी खुली आवृत्ती निघाली. जपानच्या युकिहिरो मात्सुमोतो यांच्या रूबी भाषेवर २००४ साली 'रेल्स' हा सांगाडा उभा राहिला. अमेरिकेतील कॅन्सस राज्यात एका वृत्तपत्राच्या कचेरीत, बातम्यांच्या घाईला पुरे पडावे म्हणून, पायथन भाषेतला 'जँगो' तयार झाला आणि २००५ साली तो सर्वांना मिळाला. २००९ साली रायन डाल यांनी नोड आणले. ब्राउझरमध्ये चालणारी जावास्क्रिप्ट भाषा त्यामुळे सर्व्हरवरही सुलभतेने वापरता येऊ लागली.

यावरून एक गोष्ट ध्यानात येते. यांतील बहुतेक साधने कोणाच्या तरी विशिष्ट अडचणीतून निर्माण झाली. ज्याची अडचण तशीच असेल त्याला ते साधन सोयीचे पडते आणि मग त्याला तेच सर्वश्रेष्ठ वाटू लागते. वादाचे मूळ येथे आहे.

आता वादातील मुद्दे तपासून पाहू. पहिला मुद्दा वेगाचा. ट्विटर २००६ साली रेल्सवर सुरू झाले. वापरणाऱ्यांची गर्दी अफाट वाढली, तेव्हा ते वारंवार बंद पडू लागले आणि त्याचे महत्त्वाचे भाग हळूहळू जावाच्या यंत्रणेवर चालणाऱ्या भाषांत नेण्यात आले. एवढे ऐकून कोणी म्हणेल की, रेल्स निकामी ठरले. परंतु त्याच २००६ साली कॅनडात शॉपिफाय सुरू झाले, तेही रेल्सवरच. टोबियास लुट्के यांना बर्फावरून घसरण्याच्या फळ्या विकावयाच्या होत्या. बाजारातली तयार साधने पसंत पडेनात, म्हणून त्यांनी आपल्या दुकानापुरते स्वतःच लिहिले आणि त्यातूनच इतरांना दुकाने मांडून देणारी ही मोठी कंपनी उभी राहिली. ती आजही रेल्स वापरते. म्हणजे साधन एकच, परंतु एकाने ते अंशतः सोडले आणि दुसऱ्याने त्यावरच विस्तार केला. फेसबुकने तिसरी वाट धरली. २००४ साली पीएचपीवर सुरू झालेल्या त्या कंपनीने गर्दी वाढल्यावर भाषा टाकून दिली नाही. २०१० साली तिला वेगवान करणारे साधन तयार केले आणि २०१४ साली तिच्यातूनच हॅक नावाची भाषा काढली. ज्यांच्या पदरी शेकडो प्रोग्रॅमर असतात, त्यांना असे करणे परवडते.

शिवाय लहान दुकानात विलंबाचे कारण बहुधा भाषा नसतेच. डेटाबेसला अनुक्रमणिका लावलेली नसेल, तर एक मागणी शोधण्यासाठी एक लाख ओळी वाचाव्या लागतात. अनुक्रमणिका असेल, तर मोजक्याच पायऱ्यांत ती सापडते. असे असता भाषा बदलणे म्हणजे नाचता येईना, अंगण वाकडे, अशातला प्रकार होय.

दुसरा मुद्दा माणसांचा. १९९५ साली अमेरिकेत पॉल ग्रॅहम आणि त्यांच्या सोबत्यांनी दुकाने मांडून देणारे व्हायावेब हे ॲप्लिकेशन लिस्प या फारशा कोणी न वापरलेल्या भाषेत लिहिले. त्या भाषेमुळे नव्या सोयी आपण प्रतिस्पर्ध्यांहून लवकर देऊ शकलो, असे ग्रॅहम यांनी पुढे लिहिले आहे. १९९८ साली याहूने ती कंपनी विकत घेतली आणि काही वर्षांनी तो प्रोग्रॅम अधिक प्रचारातल्या भाषांत नव्याने लिहून घेतला. निष्णाताच्या हाती जे शस्त्र तळपते, ते त्याच्या पश्चात उचलणारा कोणी आहे का, हेही मालकाला पाहावे लागते. आमच्या कुंदेवाल्या काकांवर जी आपत्ती आली, ती नेमकी याच जातीची होती.

तिसरा मुद्दा सुरक्षिततेचा. यातही नावावर विसंबून चालत नाही. लोकांच्या कर्जव्यवहाराची माहिती ठेवणाऱ्या इक्विफॅक्स या अमेरिकन कंपनीचे एक ॲप्लिकेशन जावाच्या स्ट्रट्स नावाच्या सांगाड्यावर होते. त्या सांगाड्यातील एक उणीव मार्च २०१७ मध्ये उघड झाली आणि तिच्यावरचा उपायही त्याच वेळी मोफत देण्यात आला. कंपनीने तो वेळेवर केला नाही. मे महिन्यापासून चोरांनी त्या वाटेने माहिती नेली आणि सुमारे १४ कोटी ७० लाख लोकांची खाजगी माहिती चोरीस गेली. कुलूप नामांकित होते, पण किल्ली बदलावयाची राहिली. प्रत्येक प्लॅटफॉर्मच्या आवृत्त्या जुन्या होतात व त्यांच्या दुरुस्त्या बंद होतात. पायथनच्या दुसऱ्या मालिकेचा आधार १ जानेवारी २०२० रोजी असाच संपला. घर बांधून झाले तरी दर पावसाळ्यापूर्वी कौले चाळावी लागतातच. प्लॅटफॉर्म निवडताना या नित्याच्या खर्चाचा विचार जो करीत नाही, त्याला तो खर्च पुढे एकदम आणि अवेळी करावा लागतो.

चौथा मुद्दा पैशाचा. वर सांगितलेल्यांपैकी बहुतेक साधने आज फुकट मिळतात. म्हणून खरा खर्च साधनाचा नसतो. सर्व्हरच्या भाड्याचा आणि माणसांच्या वेळाचा असतो. लहान दुकानदाराला तर भाषा निवडण्याची गरजच नसते. शॉपिफायसारखे तयार दुकान महिन्याच्या भाड्याने मिळते, किंवा पीएचपीवर चालणाऱ्या वर्डप्रेसला वूकॉमर्स हा विक्रीचा भाग जोडता येतो. पहिल्यात काळजी कमी, पण भाडे कायमचे आणि घरमालकाचे नियम पाळावे लागतात. दुसऱ्यात मोकळीक अधिक, पण देखभाल आपल्या अंगावर येते.

आता पुन्हा मेळाव्याकडे वळू. वाद रंगात आला असता आमच्या एका वृद्ध गुरुजींनी हळूच विचारले, "अरे, यांच्या दुकानाला रोज मागण्या किती येतात, हे तुम्ही विचारलेत का?" दोघेही एकदम गप्प झाले. काका म्हणाले, "एरवी दहा-बारा. सणावारी शे-सव्वाशे."

एवढ्या मागण्या जावा, पीएचपी, डॉटनेट, रेल्स, जँगो आणि नोड यांपैकी कोणीही सहज पेलील, हे दोघांनी तत्काळ मान्य केले. मग मात्र ते कामाच्या प्रश्नांकडे वळले. बिघाड झाल्यास गावात बोलावता येतील अशी निदान दोन माणसे कोणत्या साधनाची जाणकार आहेत? दुकानाच्या संकेतस्थळाचे नाव कोणाच्या नावावर नोंदले जाणार? पासवर्ड कोणापाशी राहणार? मागण्यांच्या नोंदींची दुसरी प्रत रोज कोठे ठेवली जाणार आणि ती उघडते की नाही, हे कोण पाहणार? दुरुस्त्या कोण करणार आणि त्याचे वर्षाकाठी काय द्यावयाचे? उद्या हे साधन सोडावयाचे झाले, तर गिऱ्हाइकांची यादी बरोबर नेता येईल का?

काकांनी हे सारे प्रश्न एका कागदावर उतरवून घेतले. त्यांनी तूर्त भाड्याचे तयार दुकान घेतले आहे. संकेतस्थळाचे नाव त्यांनी स्वतःच्या नावावर नोंदवले असून पासवर्डाचा लिफाफा दुकानाच्या गल्ल्यात कुलूपबंद आहे. धंदा वाढला, तर पुढे स्वतःचे ॲप्लिकेशन लिहून घेण्याचा विचार करू, असे ते म्हणतात.

विद्यार्थी मित्रहो, तुमच्यापैकी कित्येक जण पुढे प्रोग्रॅमर होतील आणि तुम्हांलाही कोणी तरी हाच प्रश्न विचारील. आपल्या आवडत्या साधनाचा अभिमान अवश्य बाळगा. त्यावाचून त्यात प्रावीण्य येत नाही. परंतु साधनाचे नाव उच्चारण्यापूर्वी समोरच्याचे काम किती, त्याच्यापाशी माणसे कोण आणि आपल्या पश्चात ते काम कोण पाहील, एवढे विचारून घ्या. ज्या दुकानदाराने आपला शब्द तुमच्या प्रोग्रॅमच्या हवाली केला, त्याचा शब्द राखला गेला पाहिजे.