सिक्स-ए म्हणजे हुशार शाळा नव्हे

डॅलसच्या उत्तरेकडे फ्रिस्को, प्लेनो, ॲलन या उपनगरांत मराठी कुटुंबांची बऱ्यापैकी वस्ती आहे. घर घ्यायचं ठरलं की आधी शाळा बघायची हा आपला शिरस्ता तिथंही सुटलेला नाही. आणि शाळांच्या गप्पा रंगल्या की कुणीतरी म्हणतंच, "ती शाळा सिक्स-ए आहे हो, ही नुसती फाइव्ह-ए." बोलणाऱ्याच्या डोक्यात 'अ' श्रेणी असते. एक ए म्हणजे उत्तम, मग सहा ए म्हणजे विचारायलाच नको!

या सहा ए-चा अभ्यासाशी काडीचाही संबंध नाही. खरं तर खेळातल्या गुणवत्तेशीही नाही. टेक्सासमधल्या शालेय स्पर्धा युनिव्हर्सिटी इंटरस्कॉलॅस्टिक लीग, म्हणजे यूआयएल, ही संस्था भरवते. ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठाने तिची सुरुवात 1910 मध्ये केली. ही लीग शाळांचे सहा गट पाडते, ते निव्वळ नववी ते बारावीच्या पटावर. 2024 ते 2026 या दोन वर्षांसाठी पट 2,275 किंवा त्याहून जास्त असेल तर शाळा सिक्स-ए, 1,315 ते 2,274 असेल तर फाइव्ह-ए, असं उतरत उतरत 105 पेक्षा कमी मुलं असलेली शाळा वन-ए. शाळेच्या शैक्षणिक कामगिरीला ए ते एफ अशी श्रेणी राज्याचं शिक्षण खातं वेगळी देतं. दोन्हीकडे 'ए' आहे एवढंच साम्य, पण तेवढ्यावर लोक घरांच्या किमतींची गणितं मांडतात.

फ्रिस्कोचंच उदाहरण घ्या. तिथल्या स्कूल डिस्ट्रिक्टने, म्हणजे गावच्या शाळा चालवणाऱ्या मंडळाने, हायस्कुलं मुद्दाम लहान ठेवण्याचं धोरण घेतलं. गाव वाढलं की आहे ती शाळा फुगवायची नाही, नवी काढायची. बँड असो, नाटक असो की बास्केटबॉल, जास्त मुलांना जागा मिळावी हा हेतू. शेजारच्या ॲलनने उलट केलं. सगळ्या गावाचं हायस्कूल एकच, पट पाच हजारांच्या वर, आणि 2012 मध्ये बांधलेलं सहा कोटी डॉलरचं, 18 हजार आसनांचं अमेरिकन फुटबॉलचं स्टेडियम. ॲलन सिक्स-ए आहे आणि फ्रिस्कोच्या बऱ्याच शाळा फाइव्ह-ए, याचं कारण एवढंच. शाळेच्या मुख्य संघात, म्हणजे व्हार्सिटीत, खेळायला मिळण्याची शक्यता कुठे जास्त, हे ज्याचं त्याने मोजावं. माझं मत विचाराल तर मध्यम चणीच्या, टेनिस बरं खेळणाऱ्या मुलासाठी मी फाइव्ह-ए शाळा आनंदाने घेईन.

पट मोजण्याचीही रीत ठरलेली आहे. ऑक्टोबरच्या शेवटच्या शुक्रवारचा आकडा धरायचा, त्यावरून दर दोन वर्षांनी नवे गट पाडायचे आणि फेब्रुवारीच्या सुरुवातीला ते जाहीर करायचे. त्या दिवशी राज्यभरचे कोच नव्या यादीत आपले शेजारी कोण आले ते शोधत बसतात. एखाद्या शाळेला वाटलं तर ती आपल्या पटापेक्षा वरच्या गटात खेळू शकते. खालच्या गटात उतरायची मुभा मात्र नाही. सिक्स-एच्या फुटबॉलमध्ये आणखी एक गंमत आहे. प्रत्येक डिस्ट्रिक्टमधून (इथं डिस्ट्रिक्ट म्हणजे हंगामात एकमेकांशी खेळणाऱ्या शाळांचा लहान संच) चार संघ बाद फेरीत जातात आणि त्यांतल्या जास्त पटाच्या दोन शाळा वरच्या विभागात, उरलेल्या दोन खालच्या विभागात. म्हणजे हंगामभर एकमेकांशी खेळलेल्या शाळा शेवटी वेगवेगळ्या अजिंक्यपदांच्या मागे लागतात.

वन-ए शाळांची गोष्ट तर वेगळीच. वर्गात जेमतेम पंचवीस मुलं, त्यांतून अकरा जणांचा फुटबॉल संघ कसा उभा करणार? म्हणून तिथं सहा जणांचं फुटबॉल चालतं. 1934 मध्ये नेब्रास्कातल्या हेब्रन गावी स्टीफन एप्लर या शिक्षकाने तो प्रकार काढला. मैदान शंभरऐवजी ऐंशी यार्डांचं, पहिल्या डाऊनसाठी, म्हणजे चेंडू पुढे नेण्याच्या नव्या संधींसाठी, दहाऐवजी पंधरा यार्ड, आणि पास झेलायची मुभा सगळ्या सहा जणांना. मध्यंतरानंतर एक संघ 45 गुणांनी पुढे गेला की खेळ तिथंच थांबवतात. पश्चिम टेक्सासच्या ओसाड पट्ट्यात शुक्रवारी संध्याकाळी अख्खं गाव या सामन्याला लोटतं. त्यांना जाऊन सांगा की तुमची शाळा 'नुसती' वन-ए आहे!

आपली गफलत कुठून होते तेही समजण्यासारखं आहे. महाराष्ट्रातल्या शालेय क्रीडा स्पर्धांत 14, 17 आणि 19 वर्षांखालील असे वयोगट असतात. तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशा पायऱ्या चढायच्या, समोरच्या शाळेचा पट दोनशे की चार हजार हे कुणी विचारत नाही. अमेरिकेतही सगळीकडे पटावरून गट होतातच असं नाही. केंटकीत बास्केटबॉलचं राज्य अजिंक्यपद आजही सर्व शाळांना मिळून एकच. इंडियानातही 1997 पर्यंत तसंच होतं. 1954 मध्ये फक्त 161 मुलांच्या मायलन हायस्कूलने मन्सी सेंट्रल या बलाढ्य शाळेला 32-30 असं हरवलं, बॉबी प्लंपने शेवटच्या क्षणी मारलेल्या बास्केटवर. 1986 चा 'हूजियर्स' हा चित्रपट त्यावरूनच सुचला. 1997-98 पासून तिथं चार गट झाले आणि जुनी मंडळी अजून हळहळतात. त्यांचं दुःख खोटं नाही, पण मायलनसारखी शाळा पुन्हा जिंकली नव्हती हेही तितकंच खरं.

शिवाय नुसता पट मोजून न्याय होतो का, हा वाद कधी मिटलेला नाही. सार्वजनिक शाळेला आपल्या हद्दीतलीच मुलं घ्यावी लागतात, खासगी शाळा कुठूनही मुलं उचलू शकते. इलिनॉयने म्हणून 2005 पासून हद्द नसलेल्या शाळांच्या पटाला 1.65 ने गुणायला सुरुवात केली. इंडियानाने 2012 मध्ये वेगळी वाट काढली : लागोपाठ जिंकणाऱ्या शाळेला वरच्या गटात ढकलायचं. कॅलिफोर्नियाच्या शालेय क्रीडा संघटनेच्या सदर्न सेक्शनने फुटबॉलच्या बाद फेरीचे विभाग त्याच हंगामातल्या निकालांवरून पाडायला घेतले. फ्लोरिडाने 2022 मध्ये फुटबॉलसाठी महानगरी आणि उपनगरी असे दोन तट केले आणि दोन वर्षांत गुंडाळलेही. वेस्ट व्हर्जिनियात 2024 मध्ये गटवारीचा वाद थेट कोर्टात गेला आणि फुटबॉलची बाद फेरी पुढे ढकलावी लागली.

आता शाळा बदलण्याकडे वळू. इथले गैरसमज जास्त महागात पडतात.

पहिला गैरसमज टीव्हीने दिलेला. कॉलेजचे खेळाडू ट्रान्सफर पोर्टलमध्ये नाव टाकतात आणि पुढच्या हंगामात दुसऱ्या विद्यापीठाच्या जर्सीत दिसतात, मग आमच्या मुलाने का नाही? ते पोर्टल 2018 मध्ये सुरू झालं, ते फक्त कॉलेजांच्या एनसीएए या संघटनेचं आहे. हायस्कूलशी त्याचा काही संबंध नाही. हायस्कूलसाठी देशभर एकच नियमावली आहे, हाही भ्रमच. इंडियानापोलिसमधलं राष्ट्रीय महामंडळ, एनएफएचएस, खेळाचे नियम छापतं : चेंडू केवढा, फाऊल कशाला म्हणायचं. कोण खेळायला पात्र हे पन्नास राज्यं आणि राजधानी वॉशिंग्टन, प्रत्येकाची संघटना स्वतः ठरवते. फ्लोरिडात 2016 च्या कायद्याने जागा असेल त्या शाळेत जाऊन लगेच खेळता येतं, फक्त एका वर्षात तोच खेळ दोन शाळांकडून सहसा खेळता येत नाही. कॅलिफोर्नियात पत्ता न बदलता शाळा बदलली तर हंगामाचा साधारण निम्मा भाग बाहेर बसावं लागू शकतं. टेक्सासमध्ये हद्दीबाहेरून आलेल्याला वर्षभर व्हार्सिटी नाही. न्यू जर्सीतल्या मावसभावाचा अनुभव प्लेनोत चालत नाही तो यामुळे.

दुसरा गैरसमज पत्त्याचा. "मामाचं घर त्या हद्दीत आहे, तोच पत्ता देऊ" हा मार्ग आपल्याकडे शाळाप्रवेशासाठी पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. यूआयएल मात्र आईवडील स्वतः तिथं राहतात का ते बघते. सामानसुमान तिकडे हललं आहे का, टपाल कुठल्या घरी येतं, मतदार म्हणून नाव कुठे आहे, तिथं कायम राहायचा इरादा आहे का, असे प्रश्न असतात. वडील जुन्याच घरात आणि आई-मुलगा भाड्याच्या फ्लॅटमध्ये, ही युक्तीही त्यांनी ऐकलेली असते. एच-वन-बी व्हिसावर आलेल्या कुटुंबाला मतदार नोंदणीच्या प्रश्नाने घाबरायचं कारण नाही, कारण सगळे निकष एकत्र तोलले जातात. घरभाड्याचा करार, वीजबिल, जुनं घर विकल्याचा किंवा सोडल्याचा कागद, हे जपून ठेवलं की निम्मं काम होतं. खोटे कागद दिले तर कॅलिफोर्नियात दोन वर्षांपर्यंत बंदी येऊ शकते, आणि 2025 च्या फुटबॉल हंगामात सदर्न सेक्शनने अशा कागदांवरून बऱ्याच मुलांना घरी बसवलंही.

तिसरा गैरसमज मात्र कागद चोख असलेल्यांचा. घर खरंच बदललं, सगळे मिळून गेलो, मग प्रश्नच कुठे उरला? टेक्सासमध्ये उरतो. खेळासाठी शाळा बदलली असं ठरलं, तर आईवडील दोघंही नव्या हद्दीत राहायला गेले असले तरी व्हार्सिटी एक वर्ष बंद. त्यासाठी एक फॉर्म असतो : प्रीव्हियस ॲथलेटिक पार्टिसिपेशन फॉर्म, बोलताना नुसतं पीएपीएफ. आधीच्या शाळेत खेळलेल्या मुलाला तो भरावा लागतो. त्यातला एक भाग जुन्या शाळेचा कोच आणि अधिकारी भरतात. मुलाचं किंवा पालकांचं कोचशी वाजलं होतं का, तुमच्या माहितीत हा बदल खेळासाठी आहे का, असं त्यांना थेट विचारलं जातं. म्हणून शेवटच्या सामन्यानंतर पार्किंगमध्ये कोचला चार शब्द सुनावून, "दुसऱ्या शाळेत घालतो आता याला!" म्हणणारा बाप स्वतःच्या मुलाचा फॉर्म स्वतःच भरून ठेवत असतो. खटका उडाला की निर्णय खेळाच्या डिस्ट्रिक्टच्या समितीकडे जातो. तिथं बसलेले असतात त्याच डिस्ट्रिक्टमधल्या शाळांचे सुपरिंटेंडंट किंवा त्यांनी पाठवलेले लोक, म्हणजे पुढच्या हंगामातले तुमचे प्रतिस्पर्धी. मला ही रचना सदोष वाटते. त्यावर राज्य समितीकडे अपील करता येतं, एवढं समाधान.

नव्या शाळेचा कोच आधीच फोन करत असेल तर ती कौतुकाची नव्हे, धोक्याची खूण समजावी. कॉलेजचे कोच मुलांना खेचायला धडपडतात, ते तिथं रीतीचं आहे. हायस्कूलमध्ये मात्र तो गुन्हा धरला जातो. टेनेसीतल्या ब्रेंटवूड अकॅडमीच्या फुटबॉल कोचने 1997 मध्ये आठवीतल्या मुलांना सरावाला या असं पत्र पाठवलं, तेही प्रवेश पक्का झालेल्या मुलांना, आणि खाली 'तुमचा कोच' अशी सही केली. राज्य संघटनेने दंड ठोकला. शाळा भाषणस्वातंत्र्याचा मुद्दा घेऊन पार सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली आणि 2007 मध्ये हरली.

"खेळणं हा मुलाचा हक्क आहे, कोर्टात जाऊ" असंही ऐकू येतं. टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयाने 1985 मध्येच याचं उत्तर देऊन ठेवलं आहे : शाळेच्या संघात खेळणं हा राज्यघटनेने दिलेला हक्क नाही. तो खटला नापास तर खेळ नाही या 1984 च्या कायद्याविरुद्ध होता. जवळपास कुठल्याही विषयात सत्तरच्या खाली गेलं की मैदान बंद. तेव्हा सहा आठवड्यांसाठी, 1995 नंतर तीन. हा नियम आपल्या घरांत सर्वांत लवकर कळतो आणि सर्वांत जास्त आवडतो.

वयाचंही एक कलम आहे. मूल एक वर्ष मागे ठेवलं की अंगापिंडाने भरेल आणि खेळात पुढे जाईल, असा हिशोब काही पालक करतात. टेक्सासमध्ये 1 सप्टेंबरला वय एकोणिसाच्या आत हवं, आणि नववीत पाऊल टाकलं की लागोपाठ चार वर्षंच मिळतात. शाळा निवडायची खरी मोकळीक बहुतेक राज्यांत नववीच्या प्रवेशालाच असते. त्यानंतर प्रत्येक बदलाची विचारपूस होते.

यूआयएल ही फक्त खेळांची संस्था आहे, हा शेवटचा गैरसमज. तिच्या स्पर्धांत वादविवाद येतात, मार्चिंग बँड येतो, तोंडी आकडेमोडीची नंबर सेन्स आणि कॅल्क्युलेटरचीही स्पर्धा येते. शाळांचे गट तिथंही पटावरूनच, पण पीएपीएफ लागतो तो खेळांनाच. आणि अपात्र म्हणजे खेळ बंद असंही नाही. बंदी व्हार्सिटीपुरती असते. ते वर्षभर मूल त्याच शाळेत सराव करू शकतं, ज्युनियर व्हार्सिटीचे, म्हणजे दुसऱ्या फळीतल्या संघाचे, सामने खेळू शकतं. दहावीत आलेल्या बऱ्याच मुलांना तसंही त्याच संघात खेळावं लागलं असतं.