रिकामा रकाना

वेब-पृष्ठावर गुणपत्रकाचा तक्ता उघडावा, विद्यार्थ्यांचीं नांवें दिसावींत, आणि गुणांचा रकाना मात्र कोरा असावा! वास्तविक गुण सर्व्हरकडून आलेले असतात. पण त्यांचें ‘मार्क्स’ हें नांव तेथें इंग्रजी लहान ‘एम्’ने लिहिलेलें असतें, आणि तक्ता तें मोठ्या ‘एम्’ने मागतो. जावास्क्रिप्ट भाषा हीं दोन नांवें भिन्न मानते, व न सांपडलेल्या नांवाविषयीं तक्रार न करतां ‘अन्डिफाइन्ड’ एवढेंच उत्तर देते. तिचा हा सोशिकपणा घातकच म्हणावयाचा. कित्येक जण अशा जागीं शून्य भरून मोकळे होतात; मग उत्तीर्ण मुलगा अनुत्तीर्ण दिसूं लागतो! त्यापेक्षां ब्राउझरच्या ‘नेटवर्क’ फलकांत आलेला मजकूर उघडून नांवें अक्षरशः ताडून पाहावींत. तीं जुळूनहि रकाना कोराच राहिला, तर गुण त्या मजकुरांत आणखी एखाद्या कप्प्याच्या आंत आहेत काय, तें पाहावें.