ॲल्युमिनियम, ओतीव : स्फटिकरचना व यमलन
वितळलेले ॲल्युमिनियम साच्यात थिजताना त्यातील अणूंची जी नियमित मांडणी होते, तीत काही परिस्थितींत जुळे स्फटिक वाढतात. या घटनेस यमलन म्हणतात. शुद्ध ॲल्युमिनियम ६६०° से. ला थिजते. त्याचा स्फटिक फलककेंद्रित घन प्रकारचा असतो, म्हणजे घनाच्या आठ कोपऱ्यांवर व सहा फलकांच्या मध्यांवर अणू असतात. घनाची कडा ४·०५ अँगस्ट्रॉम असते (१ अँगस्ट्रॉम म्हणजे सेंमी.चा दहा कोटीवा भाग). घनाच्या कर्णाच्या दिशेने पाहिल्यास अणूंचे दाट थर क, ख, ग, क, ख, ग या क्रमाने रचलेले आढळतात. हा क्रम उलटून क, ख, ग, ख, क असा झाला, तर ‘ग’ थराच्या दोहो बाजूंचे भाग परस्परांची आरशातील प्रतिबिंबे ठरतात. अशा जोडीस यमल स्फटिक व मधल्या थरास यमल पृष्ठ म्हणतात.

तांबे व पितळ लाटून पुन्हा तापविल्यास त्यांत यमलांचे सरळ पट्टे सूक्ष्मदर्शकातून विपुल दिसतात. ॲल्युमिनियमात ते विरळा असतात. थरांचा क्रम बिघडविण्यास लागणारी ऊर्जा ॲल्युमिनियमात तांब्याच्या दुपटीहून अधिक असते, हे त्याचे कारण होय. तेव्हा ओतीव ठोकळ्यांत यमल सापडावेत, हे प्रथमदर्शनी चमत्कारिकच वाटते.

लाटण्यासाठी लागणारे मोठे ठोकळे ओतताना थिजणाऱ्या धातूवर सरळ पाण्याचे फवारे मारतात. अशा ठोकळ्यांच्या छेदावर कधीकधी पक्ष्याच्या पिसासारखे लांबट कण दिसतात. प्रत्येक पात्याच्या मधोमध यमल पृष्ठ असते व ते आश्चर्यकारक रीत्या सरळ जाते. दोन पात्यांमधील सीमा मात्र नागमोडी असते. नेहमीचे वृक्षाकृती स्फटिक घनाच्या कडांच्या दिशेने वाढतात. पिसाकृती कणांचे खोड फलकाच्या कर्णाच्या दिशेने वाढते, हे लोझान (स्वित्झर्लंड) येथील एस. हेन्री, एम. रापाझ इत्यादींनी १९९८ मध्ये दाखविले. तापमानाचा तीव्र उतार, द्रवातील प्रवाह आणि जस्त, मॅग्नेशियम, तांबे यांसारखे मिश्रक घटक या वाढीस पोषक ठरतात. पहिले यमल नेमके कसे जन्मते, याविषयी मात्र एकमत नाही.

कारखानदारास हे कण नकोसे असतात. ठोकळ्याचे गुणधर्म दिशेनुसार बदलतात, लाटताना कडांना चिरा पडू शकतात व ॲनोडीकरण केलेल्या पत्र्यावर पट्टे उमटतात. यावर उपाय म्हणून रसात टायटॅनियम व बोरॉन असलेली मिश्रधातू अल्प प्रमाणात घालतात. टायटॅनियम बोराइडाच्या सूक्ष्म कणांवर असंख्य लहान स्फटिक सुरू होतात व पिसांना वाढण्यास जागाच उरत नाही.

सिलिकॉनयुक्त ओतीव मिश्रधातूंत याच्या उलट यमलन उपकारक असते. सुमारे १२·६% सिलिकॉन असलेली मिश्रधातू ५७७° से. ला थिजते, तीत सिलिकॉनाचे ठिसूळ पत्रे बनतात. ॲलाडार पॅच यांनी १९२० च्या सुमारास सोडियमाचा अल्पांश घालून ही रचना बारीक केली. सोडियमाचे अणू सिलिकॉनाच्या वाढत्या पृष्ठावर बसून थरांचा क्रम वारंवार उलटवितात, असे स्पष्टीकरण पुढे मांडले गेले. यमल पृष्ठांची दाटी झाल्याने सिलिकॉनाची वाढ पत्र्यांऐवजी तंतूंच्या रूपात होते आणि ओतीव वस्तू अधिक ताण सोसते. पुढे सोडियमाऐवजी स्ट्राँशियमही पुष्कळ वापरले जाऊ लागले, कारण ते रसातून लवकर उडून जात नाही.